लपून राहणारे दोन भाऊ

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू.

बगळा आहे, पण पांढरा नाही. पाणपक्ष्यांच्या घराण्यातला आहे, पण तळ्याकाठी फिरकत नाही. नावात 'रात' आहे, पण दिवसाउजेडीही चरतो. मासे सोडून गांडुळं खातो. आणि तुमच्यापासून दहा पावलांवर उभा असला, तरी तुम्हाला दिसत नाही. सांगा, कोण?

हरलात? हरकत नाही. या कोड्यात भली भली मोठी माणसंही हरतात. वर्षानुवर्षं जंगलात हिंडणाऱ्या पक्षीनिरीक्षकांनाही हा पक्षी क्वचितच दर्शन देतो. त्याचं नाव मलायी रातबगळा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला 'टायगर बिटर्न' असंही म्हटलंय. टायगर म्हणजे वाघ! अंगावरच्या तांबूस रंगामुळे आणि काळ्या रेघोट्यांमुळे कुणाला तरी वाघाची आठवण झाली असावी.

नाव 'मलायी' असलं, तरी हा पक्षी परका नाही बरं का. आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकणापासून थेट केरळापर्यंत, दाट आणि ओल्या जंगलात तो पावसाळ्यात घरटं करतो. म्हणजे हा आपलाच शेजारी. आणि त्याचा एक सख्खा भाऊ राहतो दूर जपानमध्ये. दोघंही तसेच तांबूस, तसेच लाजरे, तसेच गांडुळांवर ताव मारणारे. पण एकाचं बरं चाललंय आणि दुसरा संकटात आहे. असं का झालं असेल? आज आपण या दोन भावांची ओळख करून घेऊ आणि या 'का'चं उत्तरही शोधू.

बगळ्यांचं मोठं कुटुंब

आपल्या रत्नागिरीत बगळ्यांना तोटा नाही. लावणीच्या वेळी चिखलात नांगरामागून, आणि आता पॉवर टिलरमागून, पांढरेशुभ्र गायबगळे फिरतात. विहिरीच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर मातकट रंगाचा वंचक ध्यान लावून बसतो. तो उडाला की एकदम पांढरे पंख दिसतात आणि आपण दचकतो. भाट्याच्या खाडीवर संध्याकाळी उभं राहिलं, तर 'क्वॉक, क्वॉक' असं ओरडत करड्या-काळ्या रंगाचे रातबगळे कामावर निघालेले दिसतात. दिवसभर झोप आणि रात्री मासेमारी, असा त्यांचा दिनक्रम. हे साधे रातबगळे एकाच झाडावर थव्याने घरटी करतात. कलकल, भांडणं, खाली पांढरा सडा! त्यांची वसाहत लपून राहणं शक्यच नाही.

मलायी रातबगळा मात्र या सगळ्यांहून वेगळा निघाला. त्याने खाडी सोडली, तळं सोडलं, थवा सोडला आणि तो जंगलात जाऊन राहिला. तिथे त्याला मासे कुठून मिळणार? मग त्याने जंगलाच्या जमिनीवरचं खाणं शोधलं. कुजक्या पानांखाली वळवळणारी गांडुळं, गोगलगायी, किडे, लहान खेकडे, बेडूक, क्वचित एखादी पाल-सरडा.

हा धडा मी वर्गात सांगत होते, तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तो पाण्यात जातच नाही, तर त्याला पाणपक्षी का म्हणायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं, की पक्ष्याचं घराणं त्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. शरीराच्या ठेवणीवरून आणि नात्यावरून ठरतं. तुमचा मामा मुंबईला राहायला गेला, म्हणून तो तुमचा मामा नाहीसा होतो का? तसंच हे. लांब बोटं, एस आकारात मुडपता येणारी मान, भाल्यासारखी चोच, उडताना मागे घेतलेली मान, हे सगळं बगळ्याचंच. आणि शिवाय, पाण्याशी त्याचं नातं पूर्ण तुटलेलं नाही. त्याला ओल लागतेच. फक्त ती तळ्यातली नसून पानांखालच्या मातीतली ओल आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

दोघांना ओळखायचं कसं?

आता दोन भाऊ शेजारी शेजारी उभे करू या. मनातल्या मनात हं! कारण प्रत्यक्षात ते शेजारी उभे राहायची शक्यता कमीच.

उंचीला, जाडीला दोघं जवळजवळ सारखे. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोजलं, तर साधारण दीड फुटांहून थोडे मोठे. अंगाने गुबगुबीत, पाय आखूड, मान जाड. पाठ गडद तपकिरी, तिच्यावर बारीक काळी नक्षी. गळ्याखालून पोटाकडे उतरणाऱ्या काळपट रेघा. पण नीट पाहिलं तर फरक आहेत. कोणते, ते या चौकटीत पाहा.

डोकं : मलायी भावाच्या डोक्यावर काळी टोपी आणि मागे लांब काळा तुरा. जपानी भावाचं डोकं गडद तांबूस-तपकिरी, तुरा आखूड.

डोळ्यांपुढची कातडी : मलायी भावाची निळसर, विणीच्या दिवसांत तर छान निळीशार. जपानी भावाची एरवी पिवळसर-हिरवट; विणीच्या दिवसांत मात्र तीही निळी झाक घेते. म्हणून नुसत्या निळ्या रंगावर विसंबायचं नाही.

पंखांची टोकं : मलायी भावाच्या उडण्याच्या मोठ्या पिसांना पांढरी टोकं. जपानी भावाच्या पिसांना तांबूस टोकं, पांढरं काही नाही. ही सगळ्यात भरवशाची खूण.

राहणं : मलायी भाऊ भारत, आग्नेय आशिया, दक्षिण चीन, तैवान, फिलिपाइन्स असा दूरवर पसरलेला. जपानी भाऊ घरटं करतो ते मुख्यतः जपानमध्येच.

फिलिपाइन्समध्ये या खुणांची खरी परीक्षा असते. तिथे मलायी रातबगळा राहतो आणि हिवाळ्यात जपानी भाऊही पाहुणा म्हणून येतो. जंगलातल्या अंधुक उजेडात तांबूस काहीतरी भर्रकन उडालं, की तिथले पक्षीनिरीक्षक आधी डोकं आणि पंखांची टोकं पाहायचा प्रयत्न करतात.

मलायी रातबगळ्याची पिल्लं मात्र आईबाबांसारखी मुळीच दिसत नाहीत. मोठे पक्षी तांबूस, तर पिल्लू करडं. सगळ्या अंगावर पांढरे-काळे ठिपके आणि नागमोडी रेघा, डोक्यावर तर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा वेगळाच पक्षी वाटतो.

नावांची गंमत

मलायी रातबगळ्याला शास्त्रीय नाव मिळालं १८२२ साली. ते दिलं सर स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी. होय, सिंगापूर वसवणारे तेच रॅफल्स. सुमात्रा बेटावरून मिळालेल्या पक्ष्यावरून त्यांनी वर्णन लिहिलं. त्यांनी दिलेलं नाव आज 'मेलानोलोफस' असं लिहितात. त्याचा अर्थ काळ्या तुऱ्याचा. किती सोपं आणि नेमकं नाव!

जपानी भावाच्या नावात मात्र घोळ झाला. त्याचं नामकरण टेमिंक नावाच्या डच पक्षीशास्त्रज्ञाने केलं आणि नाव ठेवलं 'गोइसागी'. पण जपानी भाषेत 'गोइसागी' म्हणतात तो हा पक्षी नव्हेच! तो आपल्या खाडीवर 'क्वॉक' करणारा साधा रातबगळा. शाळेत हजेरीपटावर एकाचं नाव दुसऱ्याच्या पुढे लागावं, तसं झालं. शास्त्रीय नावांचा नियम असा, की एकदा रीतसर दिलेलं नाव सहसा बदलत नाही. म्हणून बिचारा आजही दुसऱ्याचं नाव लावून फिरतो.

'गोइसागी' या शब्दामागे एक जपानी दंतकथाही आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी दाइगो नावाचा सम्राट होता. एकदा राजउद्यानात त्याला तळ्याकाठी एक बगळा दिसला. त्याने सेवकाला तो धरून आणायला सांगितलं. सेवक जवळ जाताच बगळा उडायला लागला. तेव्हा सेवक म्हणाला, "सम्राटांची आज्ञा आहे!" आणि काय आश्चर्य, बगळा पंख मिटून गुपचूप बसला. सम्राट खूश झाला आणि त्याने बगळ्याला दरबारात पाचव्या दर्जाचा मान दिला. 'गो' म्हणजे पाच, 'इ' म्हणजे दर्जा आणि 'सागी' म्हणजे बगळा. असा हा पाचवा मानकरी!

आणि जपानी लोक आपल्या जंगलातल्या या तांबूस भावाला काय म्हणतात? 'मिझोगोइ'. 'मिझो' म्हणजे ओहोळ, चर, पाण्याचा छोटा पाट. ओहोळाकाठी हिंडणारा मानकरी! साध्या लोकांनी दिलेलं नाव कसं अगदी नेमकं असतं, पाहिलंत ना?

अलीकडच्या वर्षांत शास्त्रज्ञांनी बगळ्यांची जनुकंही तपासली. पूर्वी या दोघांबरोबर आणखी दोन बगळे एकाच गटात धरत, एक चीन-व्हिएतनामकडचा आणि एक आफ्रिकेतला. तपासणीत ते दोघं जवळचे नातेवाईक नसल्याचं कळलं आणि त्यांना वेगळं काढलं. आपले हे दोघं मात्र एकत्रच राहिले. तेव्हा 'सख्खे भाऊ' हे मी नुसतं लाडाने म्हणत नाही, त्याला पुरावा आहे!

लपण्याची कला

आता त्यांची खरी करामत. शत्रूची चाहूल लागली, की बहुतेक पक्षी काय करतात? उडतात. हा काय करतो? काहीच करत नाही! आहे तिथेच थांबतो, चोच आभाळाकडे करतो, मान ताणतो, अंग आकसून घेतो. एका क्षणात गुबगुबीत बगळ्याचं मोडक्या, वाळक्या खोडात रूपांतर होतं. गळ्यावरच्या काळ्या रेघा आता समोर येतात आणि सुक्या काटक्यांसारख्या वाटतात. पाठीचा रंग तर सडक्या पानांचाच. तुम्ही चालत पुढे जाता आणि तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघत असतो.

खाणं शोधतानाची त्याची चालही पाहण्यासारखी. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. मान लांब करून किंचित डुलवायची, डोकं तिरकं करून जमिनीकडे बघायचं. पान जरा हललं, की चोच खाली! गांडूळ बिळात अंग फुगवून घट्ट धरून बसतं. मग रस्सीखेच सुरू होते. हा घाई करत नाही. जोरात ओढलं तर गांडूळ तुटेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हळूहळू ओढत शेवटी पूर्ण बाहेर काढतो आणि गट्ट!

इतका लपणारा पक्षी आहे हे कळतं कसं? आवाजावरून. विणीच्या दिवसांत संध्याकाळी आणि पहाटे तो झाडावरून घुमतो. 'ऊऽ… ऊऽ… ऊऽ…' एकेक हुंकार सावकाश, मध्ये सारखं अंतर ठेवून. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर येतो ना, तसा खोल आवाज. जपानी भावाचा आवाजही असाच घुमणारा, म्हणून तिकडे कित्येकांना तो घुबड वाटतो. आपल्याकडे भारद्वाजही घुमतो, पण तो भरभर घुमतो, आणि बहुधा दिवसा. म्हणून पावसाळ्यात तिन्हीसांजेला राईतून असा आवाज आला, की कुणी 'भूत, भूत' म्हणून पळायचं नाही. कान देऊन ऐकायचं. दोन हुंकारांच्या मध्ये किती आकडे मोजून होतात, ते मोजायचं. भूत नसतं, ते बहुधा घुबड असतं, भारद्वाज असतो, आणि नशीब जोरावर असेल तर आपला मलायी रातबगळाही असू शकतो.

पाऊस आला, गांडूळ आलं

तुमच्या मनात आलं का, की ऐन पावसाळ्यात हा घरटं का करतो? झाडं गदागदा हलतात, पिल्लं भिजतात. चांगला कोरडा उन्हाळा सोडून हा उद्योग कशाला?

याचं उत्तर जमिनीत आहे. मे महिन्यात आपली जांभ्याची तांबडी माती किती टणक होते! गांडुळं ओल शोधत खोल जातात. मग जूनमध्ये पाऊस कोसळतो. आपल्या रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माती मऊ होते, पानं कुजायला लागतात, गांडुळं वर येतात, गोगलगायी आणि बेडूक बाहेर पडतात. रातबगळ्याच्या दृष्टीने हा जेवणावळीचा हंगाम. भुकेल्या पिल्लांना दिवसभर भरवायचं, तर भरलेलं कोठार हेच.

म्हणून तो झाडाच्या फांदीवर काटक्यांचं साधंसुधं घरटं करतो. एका झाडावर एकच जोडपं, शेजारपाजार नाही. अंडी साधारण तीन-चार. आणि जपानी भाऊ? तो एप्रिलच्या सुमारास फिलिपाइन्सहून समुद्र ओलांडून जपानात येतो, घरटं करतो. त्याची पिल्लं वाढतात तेव्हा तिकडेही जून-जुलैचे पावसाळी दिवस असतात. त्यांना जपानी लोक 'त्सुयु' म्हणतात. हजारो किलोमीटर अंतर, भाषा वेगळी, देश वेगळा; पण दोन्ही भावांची दिनदर्शिका एकच छापते, गांडूळ!

गणपती होऊन जातात, पाऊस ओसरतो, तसा आपल्या रानातला हा आवाजही थांबतो. जपानी भाऊ पुन्हा फिलिपाइन्सकडे निघतो. मलायी भाऊ हिवाळ्यात श्रीलंकेत दिसतो. तिथे तो पाहुणा असतो.

शहरातला भाऊ

आता एक आश्चर्य ऐका. तैवान नावाचा एक बेटांचा देश आहे. त्याची राजधानी तैपेई. उंच इमारती, मेट्रो, गर्दी. त्या तैपेईच्या बागांमध्ये, विद्यापीठाच्या हिरवळीवर, लोक डबा खात बसलेले असतात, मुलं सायकल चालवत असतात, आणि त्यांच्यामधून हा आपला मलायी रातबगळा आरामात गांडुळं ओढत फिरत असतो! होय, तोच, ज्याची एक झलक मिळावी म्हणून आपल्याकडे लोक चिखल तुडवत, जळवांना रक्त देत जंगलात बसतात. तैपेईत माणूस अगदी जवळ आला, तरी तो उडत नाही. त्याच्या सवयीप्रमाणे नुसता थिजून उभा राहतो. उघड्या हिरवळीवर खोड झाल्याचं सोंग! तिथली माणसं त्याला प्रेमाने 'मोठा वेंधळा पक्षी' म्हणतात.

म्हणजे बघा, हा पक्षी 'लाजराच' आहे असं आपण म्हणत होतो, ते काही पूर्ण खरं नाही. त्याला हवंय काय? ओली, मऊ माती. तिच्यात भरपूर गांडुळं. घरट्यासाठी मोठी झाडं. आणि त्याच्या वाटेला न जाणारी माणसं. तैपेईच्या बागांमध्ये पाऊस भरपूर, झाडं मोठी, शिवाय कुणी दगड मारत नाही. त्याला तेवढं पुरलं.

जपानी भावाचं नशीब मात्र असं नाही. त्याला जपानच्या डोंगरपायथ्याची गावाजवळची जुनी, ओलसर वनं आवडतात. शेती आणि डोंगर यांच्यामधल्या अशा पट्ट्याला तिकडे 'सातोयामा' म्हणतात. आपल्याकडची वाडी, मागचं परडं, त्यामागचा पऱ्या आणि वरची राई, असं चित्र डोळ्यांपुढे आणा, साधारण तसंच. ही वनं कमी झाली. तिकडे फिलिपाइन्समध्ये, जिथे तो हिवाळा काढतो, तिथलीही जंगलं मोठ्या प्रमाणावर तुटली. आता विचार करा, ज्याची दोन घरं आहेत आणि दोन्ही घरांची छपरं उडाली, त्याने जायचं कुठे? आज जपानी रातबगळ्याचं नाव धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक तांबड्या यादीत आहे. मलायी भावाचं नाव अजून त्या धोक्याच्या गटात नाही, कारण तो अनेक देशांत पसरलेला आहे.

सुरुवातीच्या 'का'चं उत्तर मिळालं ना? दोघांचं खाणं एक, सवयी एक, सोंगही एकच. फरक पडला तो पायाखालच्या जमिनीमुळे.

आपली राई, आपला पातेरा

मग आपण निश्चिंत राहायचं का? तो तैपेईत मजेत आहे, म्हणून कोकणातही मजेत राहील असं नाही. इथला पक्षी इथल्या जमिनीवरच जगणार.

सह्याद्रीच्या पायथ्याला, संगमेश्वर, चिपळूण, लांजा, राजापूर या तालुक्यांत, अजून दाट झाडीच्या घळी आहेत. गावोगावी देवरहाटी आहेत. देवाचं रान म्हणून आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी तिथली फांदीही तोडली नाही. अशा राईत पाऊल टाकलं, की पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं. ती गादी म्हणजे पातेरा. वर्षानुवर्षं पडलेली, कुजलेली पानं. उन्हाळ्यातही हात घातला, तर खाली ओल लागते. तिच्यात गांडुळं, गोगलगायी, गोमा, खेकडे, बुरशी, सगळ्यांचं गाव वसलेलं असतं. हीच पातेऱ्याची ओल पुढे झऱ्याला आणि आपल्या विहिरीला पाणी देते.

आपण मोठी झाडं राहिली की जंगल राहिलं असं समजतो. पण झाडं तशीच ठेवून खालचा पातेरा खरवडून नेला, किंवा उन्हाळ्यात वणवा शिरला आणि पातेरा जळून राख झाली, तर काय उरतं? वरून हिरवं दिसेल. पण रातबगळ्यासाठी ते रिकामं ताट असेल. कलमांसाठी किंवा काजूसाठी डोंगर साफ करताना, रस्ता काढताना, देवळाभोवती फरशी घालताना ही गादी नकळत नाहीशी होते. शेतीला भाजावळ लागते, घराला सरपण लागतं, हे खरंच आहे. बागाही हव्यात. पण सगळीकडचाच पातेरा काढायला नको. पऱ्याच्या दोन्ही बाजूंची झाडी आणि देवरहाटीतली जमीन, एवढी तरी आहे तशी राहू दे. एवढ्यावर एका लपणाऱ्या पक्ष्याचं अख्खं कुटुंब जगू शकतं.

तुम्ही काय करू शकता?

एक वही करा. तिच्यावर लिहा 'माझ्या गावचे बगळे'. पहिल्या पावसापासून रोज एक ओळ. कुठला बगळा दिसला, कुठे दिसला, काय करत होता. गायबगळा, वंचक, साधा रातबगळा ओळखायला आलेच पाहिजेत. ते तीन आल्याशिवाय चौथा शोधायचा नाही!

पातेरा मोजा. घरामागच्या झाडाखाली आणि मोकळ्या अंगणात, दोन्हीकडे एक-एक वीत चौरस जागा आखा. पाऊस पडून गेल्यावर काडीने अलगद पानं बाजूला करा आणि किती जीव दिसतात ते मोजा. मग पानं होती तशी पसरून ठेवा. गोम-विंचू असू शकतात, म्हणून नुसते हात घालायचे नाहीत आणि एकट्याने हे करायचं नाही. दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. मी सांगण्यापेक्षा ते आकडेच तुम्हाला जास्त सांगतील.

आवाज ऐका. संध्याकाळी अंगणातून कान द्या. आईबाबांच्या मोबाइलवर आवाज टिपून ठेवा, वेळ आणि तारीख लिहा. पण पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवरून त्याचा आवाज त्यालाच ऐकवायचा नाही. त्याला वाटतं दुसरा पक्षी घुसला. तो घाबरतो, घरटं सोडून धावतो. घरटं दिसलं तर लांबूनच नमस्कार! फोटोसाठी फांदी वाकवायची नाही, कुणाला गर्दी करायला बोलवायचं नाही. आणि गलोल असेल, तर ती आजच आजीकडे जमा करा. १९७२ च्या कायद्याने वन्य पक्ष्यांना संरक्षण दिलंय, हे मित्रालाही सांगा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलं वही घेऊन परड्यात बसली, तर 'अभ्यास सोडून काय चाललंय?' असं चटकन म्हणू नका. एक वीत जमिनीतले जीव मोजणं हाही अभ्यासच आहे. आजी-आजोबा घरी असतील, तर त्यांना मुलांसमोर विचारा, पूर्वी राईत कोणते आवाज यायचे, कोणता पऱ्या मेपर्यंत वाहायचा, देवरहाटी कुठवर होती. पुस्तकात नसलेलं हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते मुलांच्या वहीत उतरलं, तर टिकेल. आणि जमिनीचा एखादा तुकडा साफ करायला काढाल, तेव्हा पऱ्याकाठची चार झाडं आणि त्यांच्याखालचा पातेरा राहू द्या.

जपानी भावावर जी वेळ आली, ती आपल्या भावावर यायला नको. त्यासाठी त्याने आपल्याला दिसलंच पाहिजे असं काही नाही. तो राईत कुठेतरी खोड होऊन उभा आहे, आपल्याकडे तिरक्या डोळ्याने बघतो आहे, आणि त्याच्या पायाखाली ओली माती आहे, एवढं असलं तरी पुष्कळ झालं.

चला तर, पाऊस सुरू झाला की वही उघडायची. पहिल्या पानावर तारीख घालायला विसरू नका!